हवा किती?

सोयाबीनच्या बाजारात ओलाव्याला ओलावा म्हणत नाहीत, 'हवा' म्हणतात. गाडी उभी राहिली की भावाच्या आधी हाच प्रश्न येतो, हवा किती? शेतकरी सांगतो, वाळलेला माल आहे. व्यापारी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो, आकडा वाचतो आणि त्या आकड्यावरून पुढचं बोलणं ठरतं. पाण्याला हवा का म्हणत असतील याचं मला लहानपणापासून कोडं होतं. पाणी दिसत नाही, हाताला लागत नाही, पण वजनात भरतं, म्हणून म्हणत असतील असं मी समजून घेतलं होतं. आता वाटतं की हा शब्द वाटतो त्याहून जास्त बरोबर आहे. दाण्यातला ओलावा ही खरोखरच त्याच्याभोवतीच्या हवेची गोष्ट आहे. हे मला कळलं ते दुबईच्या सिगारांवरून.

आमचं आसेगाव वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. कपाशी, तूर आणि आता सगळीकडे सोयाबीन. माझ्या आपाचा मोठा मुलगा दुबईच्या एका हॉटेलात कामाला आहे. तिथं पाहुण्यांसाठी सिगार ठेवायची एक खोली आहे आणि ती सांभाळणं हे त्याचं काम. जो पोरगा स्वतः सुपारीही खात नाही, तो दिवसातून तीनदा सिगारांची तब्येत पाहतो याचं गावात सगळ्यांना हसू येतं. सुट्टीवर आला की लोक त्याला विचारतात, अरे, बिडी कोपऱ्यात पडून राहते, तुझ्या सिगारला एवढं काय झालं?

त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. तंबाखूचं पान भोवतालच्या हवेतून ओलावा घेतं आणि हवा कोरडी झाली की परत सोडतं. खोलीतली सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्के ठेवावी लागते. तिच्याखाली गेली की सिगार कडक होतो, वरचं पान तडकतं, पानातलं तेल आणि वास उडून जातो. तिच्यावर गेली की फुगतो, नीट जळत नाही, आणि 75 च्या पुढे काही दिवस राहिली की बुरशी धरते. त्यात उष्णता वाढली तर तंबाखूतला भुंगा अंड्यातून बाहेर येऊन पानं पोखरतो. हा भुंगा काही परदेशी पाहुणा नाही. आपल्याकडे हळकुंडात, मिरचीत, धण्यात जे बारीक तपकिरी किडे सापडतात त्यांच्यात तोही असतो. सिगारच्या पेटीला आतून ज्या लाकडाचं अस्तर असतं त्याला स्पॅनिश सिडार म्हणतात, पण ते झाड देवदाराच्या नव्हे, आपल्या कडूनिंबाच्या कुळातलं आहे. आमच्या दादी गव्हाच्या कोठीत निंबाचा पाला टाकायच्या. हजारो मैल अंतरावरच्या लोकांनी किड्यांपासून वस्तू वाचवायला एकाच कुळातली दोन झाडं निवडली, हे कळल्यावर मला त्या महागड्या पेटीबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली.

2024 च्या ऑक्टोबरात तो सुट्टीवर आला तेव्हा सोंगणी उरकली होती. मधे पाऊस येऊन गेला होता. दुल्हेभाईंनी गंजी झाकली होती, तरी खालचा थर ओला झाला. हडंब्यातून माल काढला, 18 क्विंटल भरला. गावात येऊन माल उचलणारा एक खरेदीदार आला. त्याच्या मशीनवर 18 आलं. तो म्हणाला, आपला बेस 10 चा, वर आठ पॉइंट, क्विंटलमागे आठ किलो कट्टी. आणि ओला माल आहे, म्हणून बाजाराच्या 4,200 ऐवजी भाव 3,900. आपाला पैशांची घाई होती, मोठ्या मुलीच्या हॉस्टेलची फी भरायची होती. ती हो म्हणायच्या बेतात होती. भाचा म्हणाला, "मामू, तीन दिवस थांबायला सांगा. आधी आपण मोजून बघू."

तो खिशात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घेऊन फिरतो, काडेपेटीएवढा. त्यानं आधी सोयाबीन मोजलं नाही, मीठ मोजलं. एका बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं केलं, विरघळू दिलं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा रात्रभर बंद. साध्या मिठाचा असा ओला गोळा बंद डब्यातली आर्द्रता बरोबर 75 टक्क्यांवर आणून ठेवतो. डबा दिल्लीत असो की दुबईत, आपल्या रोजच्या हवामानात त्यात फरक पडत नाही. हा मिठाचा धर्म आहे. जगभरचे सिगारवाले आपलं यंत्र खरं बोलतं की नाही हे याच पद्धतीनं तपासतात. सकाळी यंत्रावर 73 होतं. म्हणजे ते दोननं कमी सांगत होतं. त्यानं यंत्राच्या पाठीवर पेननं लिहिलं, "+2".

मग लोणच्याची एक कोरडी बरणी पोत्याच्या मधल्या दाण्यांनी भरली, त्यात यंत्र खोचलं, झाकण लावून बरणी सावलीत ठेवली. चार-पाच तासांनी आकडा स्थिर झाला, 78. दोन मिळवून 80.

इथं सिगार आणि सोयाबीन एकत्र येतात. बंद बरणीत दाणे आणि हवा एकमेकांशी हिशेब जुळवतात. दाणा ओला असेल तर तो हवेला पाणी देतो, कोरडा असेल तर हवेतून घेतो, आणि थोड्या वेळानं दोघं एका जागी थांबतात. त्या हवेचा आकडा वाचला की दाण्याचा अंदाज लागतो. आपल्या हिवाळ्यातल्या तापमानाला 65 ते 70 टक्के आर्द्रतेच्या हवेत सोयाबीन साधारण 11 ते साडेबारा टक्के ओलाव्यावर थांबतं. 80 टक्क्यांच्या हवेत 15-16 वर. हमीभावानं खरेदी करताना सरकार सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा लावतं ती 12 टक्क्यांची. म्हणजे दुबईच्या खोलीतला 65-70 आणि खरेदी केंद्रावरचा 12 ही एकाच अवस्थेची दोन नावं आहेत. कारणही एकच. त्याच्या वरच्या ओलाव्यात बुरशीला जगता येतं, खाली येत नाही. बुरशीला आपण तंबाखूवर आहोत की सोयाबीनवर याच्याशी देणंघेणं नाही, तिला फक्त पाणी मोकळं मिळतं का एवढंच कळतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी याच तत्त्वावर 'ड्रायकार्ड' नावाचं एक स्वस्त कार्ड केलं आहे. धान्यासोबत ते बंद पिशवीत ठेवायचं, त्यावरची निळी पट्टी गुलाबी झाली तर माल अजून ओला आहे. तिथंही सीमारेषा 65 च्याच आसपास धरली आहे.

ज्यांच्याकडे हायग्रोमीटर नाही त्यांच्याकडे मीठ तर आहेच. कोरड्या काचेच्या बरणीत तव्यावर भाजून कोरडं केलेलं चमचाभर बारीक मीठ घाला, वर पाव बरणीहून थोडं जास्त धान्य, झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. मोकळं राहिलं तर साठवायच्या बरंच जवळ आलं आहे. मीठ 75 टक्क्यांच्या वरच्या हवेत पाणी ओढू लागतं, म्हणून ही खूण. गहू-ज्वारीत ती 15 टक्क्यांच्या जवळपास दिसते. सोयाबीनमध्ये तेल जास्त असल्यानं त्याच हवेत ते 13-14 वरच थांबतं. म्हणून सोयाबीनचं मीठ मोकळं राहिलं तरी आणखी एक उन्ह द्यावं. दातांची परीक्षा आपल्याकडे जुनीच आहे. दाणा दाढेखाली धरला आणि 'कट' करून दोन डाळी झाल्या तर वाळला, दाताचा खळगा पडला तर नाही. आमचे अब्बा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून सांगायचे, आत गार लागलं की अजून उन्ह हवं. या सगळ्या परीक्षा खऱ्या आहेत. त्यांची अडचण एवढीच की बाजारात त्यांना आकडा नसतो, आणि बाजार आकड्यावर चालतो.

तर आता हिशेब. आपाचा माल साधारण 16 टक्क्यांचा होता, 18 चा नव्हता. खरेदीदाराचं मशीन खोटंच होतं असं मी म्हणणार नाही. ही मशीनं दाण्यातून विजेचा परिणाम मोजतात. पाणी जास्त तसा आकडा जास्त, पण दाणा गरम असला तरी आकडा हलतो, आणि मशीन दुसऱ्या पिकावर लावलेलं असलं तरी हलतो. नमुना गंजीच्या ओल्या कडेचा घेतला की सगळा माल ओला ठरतो. म्हणून मशीन पुढे आलं की चार गोष्टी कराव्यात. नमुना तीन-चार पोत्यांच्या मधला द्यावा. उन्हातून आलेले दाणे अर्धा तास सावलीत निवू द्यावेत. मशीन सोयाबीनवर लावलं आहे ना हे बघावं. तीनदा मोजून मधला आकडा धरावा. यात भांडण काही नाही. काट्याकडे आपण डोळे लावून उभे राहतोच, तसंच इथंही राहायचं.

पाण्याचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येक घरात माहीत हवं. 16 टक्के ओलाव्याच्या 100 किलोत कोरडा माल 84 किलो. 12 टक्क्यांच्या 100 किलोत कोरडा माल 88 किलो. 84 ला 88 नं भागा, 0.9545. म्हणजे 16 च्या एका क्विंटलचा 12 च्या हिशेबानं साडेपंच्याण्णव किलो माल होतो, साडेचार किलो पाणी जातं. यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मला आधी वाटत नव्हती. एका टक्क्याला एक किलो ही कट्टी मुळात जुलमी नाही, उलट खऱ्या गणितापेक्षा किंचित कमीच आहे. नुकसान होतं ते तीन दुसऱ्या जागी.

पहिली जागा आकड्याची. 16 चं 18 झालं की क्विंटलमागे दोन किलो तिथंच गेले.

दुसरी जागा बेसची. सरकारी मर्यादा 12 ची, तर तेलाच्या कारखान्यांचा बेस 10 चा. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण भाव कोणत्या बेसचा बोलला जातोय हे आधी ठरलं पाहिजे. भाव 12 च्या मालाचा आणि कट्टी 10 पासून, असं झालं की मधले दोन किलो शेतकऱ्याचे जातात.

तिसरी जागा सगळ्यांत मोठी. एकाच पाण्यासाठी दोनदा कापणं. वजनातून आठ किलो कापले, म्हणजे पाणी काढून टाकलं. मग उरला तो वाळलेला माल. त्याला पुन्हा ओला म्हणून क्विंटलमागे 300 रुपये कमी कशाचे? वाळवायला मजुरी लागते, गाडीभाडं लागतं, ते खरेदीदारानं जरूर मागावं, पण त्या नावानं मागावं. आपाच्या 18 क्विंटलचे त्या हिशेबानं 16.56 क्विंटल होत होते आणि 3,900 नं 64,584 रुपये.

आम्ही तीन दिवस मागून घेतले. अंगणात ताडपत्री टाकली, दाणे दोन-तीन बोटं जाडीचे पसरले, तासातासाला पायानं आणि फळीनं सऱ्या पाडून उलटले. दुपारी चार वाजताच गोळा करून झाकायचे, कारण ऑक्टोबरच्या रात्री दव पडतं. दिवसभर दाण्यानं सोडलेलं पाणी उघड्यावर राहिलं तर तो रात्री परत पिऊन टाकतो. मी, दुल्हेभाई, आपा, दोन्ही मुली, सगळे राबलो. तिसऱ्या दिवशी बरणीतलं यंत्र 65 वर थांबलं. दोन मिळवून 67. मंगरूळपीरच्या बाजारात मशीननं 11.8 सांगितलं. काट्यावर 17 क्विंटल 10 किलो भरलं. गणितानं 17.14 यायला हवं होतं, चार किलो धूळ-सांडलवंड धरा. जवळपास 86 किलो पाणी अंगणातून उडून गेलं होतं. भाव मिळाला 4,200. एकूण 71,820. गाडी, हमाली, तोलाई मिळून 2,000 गेले. हातात 69,820, म्हणजे गावातल्या सौद्यापेक्षा पाच हजार दोनशेहून जास्त. त्या वर्षीचा हमीभाव 4,892 होता आणि माल त्या मर्यादेत बसत होता. पण नोंदणी, मेसेजची वाट, मग पैसे जमा व्हायचे दिवस, एवढं थांबायला आपाकडे वेळ नव्हता.

हे पाच हजार आमच्या हुशारीचे नाहीत. ते तीन दिवसांचे आहेत. ज्याच्याकडे मोकळं अंगण आहे, ताडपत्री आहे, घरात पाच माणसं आहेत आणि कर्जवाला दारात उभा नाही, त्यालाच हे तीन दिवस मिळतात. ज्याला मळणी झाल्या दिवशीच हडंबेवाल्याचे, मजुरांचे पैसे द्यायचे आहेत, तो ओला माल ओल्यातच विकतो. गावातल्या शेतमजूर बाया सरवा वेचून दहा-वीस किलो सोयाबीन जमवतात आणि किराणा दुकानात देतात. त्यांच्या पिशवीला तर मशीनही लागत नाही, दुकानदाराचा अंदाज लागतो. ओलाव्याचा खरा भार अशाच माणसांवर पडतो.

त्याच हंगामात, नोव्हेंबर 2024 मध्ये, केंद्र सरकारनं त्या खरिपापुरती हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. मागणी रास्त होती, ज्यांचा माल नाकारला जात होता त्यांना दिलासा मिळाला. पण सोंगणी सुरू होऊन तोवर दीड महिना झाला होता, आणि घाईत असलेल्यांनी तोवर विकून टाकलं होतं. शिवाय कागदावरची मर्यादा वाढली म्हणून दाणा वाळत नाही. 15 चा माल गोदामात थप्पीला लागला तर बुरशी शासन निर्णय वाचत नाही. अशा वर्षी मर्यादा वाढवण्याइतकीच गरज असते ती गावात वाळवायच्या जागेची. पक्कं सार्वजनिक खळं, भाड्यानं मिळणाऱ्या ताडपत्र्या, ग्रामपंचायतीत एक तपासलेलं मशीन. खर्च फार नाही. एवढं असतं तर आकडा आधीच शेतकऱ्याला माहीत असता.

इथं मला एक हदीस आठवते. ती सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आली आहे. आपल्याकडे जुम्याच्या बयानात ती अनेकदा ऐकायला मिळते, पण तिच्यातली वस्तू काय आहे याकडे आपलं लक्ष जात नाही. पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळ गेले, त्यांनी हात आत घातला आणि बोटांना ओल लागली. विचारलं तेव्हा मालक म्हणाला की पावसानं भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ते भिजलेलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदीनेतली ही गोष्ट, आणि प्रश्न तोच, हवा किती?

या हदीसीत ओला माल विकू नका असं म्हटलेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाऊस कुणाच्या हातात नसतो. सांगितलं आहे ते एवढंच की ओल दिसू द्या. हे आधी आपल्यालाच लागू होतं. खालच्या थराचं काळपट सोयाबीन पोत्याच्या तळाला आणि पिवळं धमक तोंडाला, हा प्रकार आपल्या गावात कुणी करत नाही असं कुणी म्हणू नये. पण तो नियम मशीन हातात असलेल्यालाही तेवढाच लागू आहे. त्यानं मशीनची काच शेतकऱ्याकडे फिरवावी, बेस आधी सांगावा, वजनातलं वजनात आणि भावातलं भावात दाखवावं. माप मारणाऱ्यांच्या नावानं कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती ऐकताना तराजूच डोळ्यांसमोर आणतो. आजचं माप फक्त तराजूत नाही, मशीनच्या आकड्यातही आहे.

आणि कोरडेपणाचंही माप आहे, त्याकडे तर कुणीच बघत नाही. दिवाळीनंतर भाव पडले की बरेच जण सोयाबीन मे महिन्यापर्यंत घरात ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80 च्या वर असते, तर उन्हाळ्यातल्या दुपारी 20 च्या आसपास उतरते. त्या हवेत दाणा 8 टक्क्यांपर्यंत सुकतो. 12 चं 8 झालं की 88 भागिले 92, म्हणजे 100 क्विंटलचे 95.65 उरतात. चोरी झालेली नसते, उंदरांनी खाल्लेलं नसतं, चार क्विंटलहून जास्त पाणी छपरातून निघून गेलेलं असतं. 4,200 चा भाव 4,390 झाला तर आपण जेमतेम होतो तिथंच येतो, वरचं काही कमवत नाही. जास्तीच्या हवेची कट्टी सगळ्यांना पाठ आहे, पण 8 च्या मालाला वाढीव वजन धरून भाव दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ठेवायचं की विकायचं हे ठरवताना भावाच्या शेजारी हाही आकडा लिहावा.

बियाण्याचं तर याहून नाजूक. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीन शेतातच भिजलं होतं. त्याचा हिशेब जून 2020 मध्ये पुढे आला. राज्यभर पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचे ढीग झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, अंकुर त्याच्या अगदी खाली असतो. दाणा ओला राहिला तर तो आतून मरतो, फार कोरडा झाला तर पोतं आपटताना तडकतो. बियाणं साठवण्याच्या शास्त्रात जेम्स हॅरिंग्टन यांचा एक नियम सांगतात. साधारण 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एक टक्क्यानं कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे 14 आणि 11 यांत तीनाचा फरक दिसतो, पण आयुष्यात तो आठपट होतो.

म्हणून बियाण्याची पोती वेगळी. तागाची, कारण त्यातून हवा खेळते. खताच्या प्लास्टिक पोत्यात ओलावा कोंडतो. खाली लाकडी फळ्या, कारण सिमेंटची फरशीही पाणी देते. भिंतीपासून हातभर अंतर, एकावर एक पाच-सातहून जास्त पोती नाहीत, आणि उचलून ठेवायची, फेकायची नाहीत. मे अखेरीस ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून गुंडाळी करायची, ती आठवडाभर ओलसर ठेवायची आणि चांगले मोड किती आले ते मोजायचं. 70 आले तर एकरी 30 किलो पुरे. 60 आले तर 35 किलो लागेल. त्याहून फार कमी आले तर ते बियाणं नाही, बाजाराचा माल आहे.

भाचा दुबईला परत गेला, यंत्र आपाकडे ठेवून. ते आता बियाण्याच्या पोत्यात असतं. धाकटी मुलगी दहावीत आहे, तिनं कोठीच्या दारावर खडूनं गणित लिहून ठेवलं आहे: शंभरातून हवा वजा, भागिले अठ्ठ्याऐंशी, गुणिले क्विंटल. आजूबाजूच्या बाया येऊन तिला विचारतात, आमचं सतरा आलं म्हणे, बघ गं किती होतं. ती बघते आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देते. मागच्या आठवड्यात एकीनं तो चिटोरा खरेदीदारापुढे ठेवला. त्यानं तो वाचला, आपल्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून पाहिला, आणि म्हणाला, बरोबर आहे.